टिंबूच्या डोळ्यांचं माप

तलावाच्या मॅडमनी टिंबूच्या कार्डावर दुसऱ्यांदा तेच वाक्य लिहिलं, आणि तेही पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात: ‘पोहते छान. सूचनांकडे अजिबात लक्ष देत नाही. मोठ्या तलावात पाठवू नये.’

टिंबू म्हणजे घरातलं शेंडेफळ, वय वर्षे आठ. पकडापकडी असो की लपंडाव, ती कायमची लिंबूटिंबू. म्हणजे खेळात आहे, पण पकडली गेली तरी राज्य येत नाही आणि जिंकली तरी कुणी मोजत नाही. त्यातलं लिंबू कधीतरी गळून पडलं आणि टिंबू तेवढं अंगाला चिकटलं. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली केव्हाच मोठ्या तलावात गेल्या होत्या, आणि ही बया अजून कमरेएवढ्या पाण्यात, पाच-पाच वर्षांच्या चिल्लीपिल्लींबरोबर, ‘बुडबुडे काढा’ म्हटलं की बुडबुडे काढत होती. शेवटची चाचणी पुढच्या रविवारी होती. ती हुकली की यंदाचा मोसम संपला.

“या वेळी नापास झाले ना, तर मी पोहणं सोडणार,” टिंबूने जाहीर केलं. रडली नाही, पाय आपटले नाहीत. चष्मा नाकावर वर सरकवला आणि जेवायला बसली. ताईने मात्र कार्ड उचलून पुन्हा वाचलं.

“लक्ष देत नाही म्हणे!” ताई उसळली. “ही? हिच्या वहीतला प्रत्येक काना शाळेतल्या बाकासारखा रांगेत असतो!”

ताई पंधरा वर्षांची. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत दारावरची बेल वाजली तरी ती आईच्या मागे जाऊन उभी राहायची, आणि फोनवर ‘हॅलो’ म्हणायची वेळ आली की फोन टिंबूच्या हातात कोंबायची. मग शाळेच्या वादविवादात कुणीतरी आजारी पडलं, ऐनवेळी हिला उभं केलं, आणि हिच्या लक्षात आलं की आपल्याला बोलता येतं. एवढंच नाही, लोक ऐकतातसुद्धा! तेव्हापासून घरात तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. बाबा म्हणायचे, “आधी हिला बोलती करायला नवस करावासा वाटायचा, आता गप्प करायला काय करावं ते सुचत नाही.”

तर दुसऱ्या दिवशी ताई स्वतः टिंबूला आणायला तलावावर गेली, आणि तिने दोन गोष्टी पाहिल्या. पहिली अशी, की टिंबू पाण्याबाहेर आली, काठावरून तरातरा चालत गेली, निळी पिशवी घेतलेल्या एका अनोळखी बाईंच्या हातात तिने ओली टोपी कोंबली आणि म्हणाली, “भूक लागलीय.” त्या बाई बिचाऱ्या टोपी धरून उभ्या. ताईकडेही निळीच पिशवी होती, पण ती दहा पावलं पलीकडे उभी राहून हातवारे करत होती.

दुसरी गोष्ट घरी जाताना कळली.

“काय गं, मॅडम लाल पाटी दाखवतात तेव्हा तू थांबत का नाहीस?”

“कुठली पाटी?”

“अगं, समोरच्या टोकाला उभ्या राहून वर धरतात ती! लाल म्हणजे थांबून तरंगायचं, हिरवी म्हणजे निघायचं.”

टिंबू रस्त्यात थांबली. “ती पाटी असते? मला वाटायचं त्या टाटा करतात.”

“मग तू काय करायचीस?”

“मी पण करायचे.”

ताईला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. मॅडम लाल पाटी दाखवून घसा फोडतायत आणि पाण्यातून ही हसतमुखाने टाटा करतेय! कार्डावर ‘उद्धट’ लिहिलं नाही हेच नशीब.

“पण टिंबू, तुला दिसत नाही हे कधी सांगितलं नाहीस ते?”

“दिसतं की. पाण्यात दिसतं तसं दिसतं. धुरकट.” तिने चष्म्याआडून ताईकडे निरखून पाहिलं. “सगळ्यांना तसंच दिसतं ना?”

त्या प्रश्नाने ताईचं हसू तिथल्या तिथे विरलं.

घरी आल्याबरोबर तिने शिवणखोलीत सभा भरवली. आई शिवणकाम करायची. शाळेच्या गायनवृंदाचे चाळीस झगे अंगावर घेतले होते, त्यामुळे खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि आईला मान वर करायला वेळ नव्हता. मधोमध लाकडी पायावर ‘मावशी’ उभी होती. मावशी म्हणजे कपडे चढवून बघायचा पुतळा. तिला गळ्यापर्यंत सगळं होतं, वर डोकं तेवढं नव्हतं. तरी घरातलं कुणीही येताजाता तिच्याशी बोलायचं.

“चष्मा लावून पोहता येत नाही आणि चष्म्याशिवाय दिसत नाही,” आई सुई दातात धरून म्हणाली. “मग करायचं काय?”

“दिसायची गरजच काय?” बाबा म्हणाले. “सरळ जायचं, डोकं भिंतीवर आपटलं की समजायचं, आलं टोक.”

“बाबा!”

“नंबरचा पोहण्याचा गॉगल मिळतो,” ताई म्हणाली. “मी शोधून काढलंय. मी आणते. तुम्ही कुणी यायला नको.”

आईने सुई काढली. “तुला जमेल?”

“आई, जमेल का काय विचारतेस! जमवूनच येते.”

खेळाच्या सामानाच्या दुकानात दोघी चाचणीच्या सहा दिवस आधी, सोमवारी पोचल्या. ताईने डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद बॅटसारखा हातात धरला होता. दुकानदाराने कागदावर नजर टाकली. उजवा डोळा मायनस दोन. डावा मायनस सव्वाचार, शिवाय अर्ध्याचा तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर.

“अरे बापरे, दोन डोळ्यांचे दोन पंथ आहेत की,” तो म्हणाला. “आमच्याकडे दोन्हीकडे सारखा नंबर असलेलाच गॉगल येतो. असं कर, मधला घेऊन जा. मायनस तीन. दोघांचंही भागेल.”

जुनी ताई असती तर ‘बरं’ म्हणून, मायनस तीन घेऊन, मान खाली घालून घरी आली असती. नव्या ताईने कमरेवर हात ठेवले.

“काका, एका पायाला पाच नंबरचा बूट लागत असेल आणि दुसऱ्याला आठ, तर तुम्ही दोन्ही साडेसहाचे देता?”

दुकानदार हसला. “देत नाही.”

“मग?”

“मग असं कर, चौकात चष्म्याचं दुकान आहे ना, तिथे जा. त्यांच्याकडे सुटी भिंगं मिळतात. आणि हो,” तो टिंबूला म्हणाला, “वकीलबाईंना बरोबर ने.”

चष्मेवाले काका बुटके, गोल आणि अत्यंत सावकाश होते. त्यांच्या गळ्यात दोन चष्मे लोंबत होते आणि तिसरा ते शोधत होते. त्यांनी कागद आधी जवळ धरून वाचला, मग लांब धरून वाचला.

“उजवा सरळ आहे, मायनस दोन. डाव्याची गंमत बघ. पोहण्याच्या भिंगात तिरपा नंबर येत नाही. म्हणून त्या अर्ध्याचा निम्मा करायचा, म्हणजे पाव, आणि सव्वाचारात मिसळायचा. किती झाले?”

“साडेचार!” टिंबू म्हणाली.

“शाब्बास. आणि साडेचारचं भिंग मिळतं. नसतं मिळालं तर एक पायरी खालचं घ्यायचं, वरचं कधीच नाही. कमी नंबर डोळा चालवून घेतो, जास्त नंबराने डोळ्याला ओझं उचलायला लावल्यासारखं होतं.”

मग त्यांनी खण उघडला. आत पारदर्शक वाट्यांच्या जोड्या होत्या, लहान, मोठ्या, मऊ कडांच्या, टणक कडांच्या. टिंबूचं लक्ष मात्र काचेच्या कपाटातल्या आरशासारख्या चकचकीत गॉगलवर खिळलं होतं.

“मला तो.”

“तो उन्हातल्या समुद्रासाठी,” काका म्हणाले. “तुमच्या तलावावर छप्पर आहे ना? त्यात तो लावलास तर भरदिवसा तिन्हीसांजा होतील.”

“पण त्यात मी अंतराळवीर दिसेन.”

“टिंबू,” ताई म्हणाली, “आपण दिसायला आलोय की बघायला?”

टिंबूने विचार केला. “बघायला,” ती नाइलाजाने म्हणाली.

आता मापं. काकांनी पट्टा बाजूला ठेवला आणि नुसत्या वाट्या टिंबूच्या डोळ्यांवर हलकेच दाबून सोडल्या. “एक, दो—” टप. वाट्या गल्ल्यावर. “मोठ्या पडतात. दुसरी घेऊ. एक, दोन, ती—” टप. तिसरी जोडी दाबली आणि सोडली. एक, दोन, तीन, चार, पाच. वाट्या गोचिडासारख्या चिकटल्या. टिंबूने मान हलवली, गाल फुगवले, जीभ काढून दाखवली, तरी हलल्या नाहीत.

“ही तुझी,” काका म्हणाले. “लोकांना वाटतं पट्टा आवळला की पाणी थांबतं. पट्ट्याने डोकं दुखतं, पाणी थांबतं ते वाटी बसली तरच.”

“आई पण हेच म्हणते,” ताई म्हणाली. “माप चुकलं की नाडी आवळून उपयोग नाही.”

“तुझी आई शहाणी आहे. याच मापाच्या नंबरवाल्या वाट्या, म्हणजे भिंगं, शुक्रवारी येतील. ये, मी जोडून ठेवतो.”

आणि इथे, ऐका हं, इथे ताईचा नवा आत्मविश्वास जरा उतू गेला.

“नको काका, मीच जोडेन. हुक, बटणं, चिमटे, हेच करत मोठी झालेय मी. तुमचा वेळ कशाला?”

काकांनी गळ्यातला एक चष्मा चढवून तिच्याकडे पाहिलं. “उजवं-डावं नीट बघशील? पुड्यांवर नुसता नंबर असतो. आणि वाट्या दोन्ही सारख्याच, कुठलीही कुठेही बसते.”

“काका, आमच्या घरात दिवसभर उजवं-डावंच चालतं!”

भिंगं शुक्रवारी आली नाहीत, शनिवारी दुपारी आली. ताई धावत जाऊन घेऊन आली, शिवणखोलीत गेली आणि कामाला लागली. आधी तिने दोन चिठ्ठ्या केल्या. मायनस दोनच्या पुडीला ‘उ’ टाचली, साडेचारच्या पुडीला ‘डा’. मग पट्टा मावशीच्या गळ्याच्या खुंटाला बांधला, त्याची दोन टोकं समोर लोंबत राहिली, आणि आई झगा बेतताना उभी राहते तशी ती मावशीसमोर पाय रोवून उभी राहिली. उजव्या हाताला ‘उ’. डाव्या हाताला ‘डा’. मध्ये नाकावर बसून दोन्ही वाट्या जोडणाऱ्या तीन पुलांपैकी मधल्या मापाचा पूल. खटक, खटक. दहा मिनिटांत काम फत्ते.

“मावशी, काय रुबाब आहे तुझा!” ती म्हणाली.

मग तिने टिंबूला हाक मारली, तिच्या डोळ्यांवर गॉगल चढवला, पट्टा कानांच्या वर नीट बसवला. “कसं दिसतंय?”

टिंबूने खोलीभर मान फिरवली. भिंतीला हात लावून पाहिला. “छान,” ती म्हणाली.

आता टिंबूच्या ‘छान’चा इतिहास ताईला ठाऊक असायला हवा होता. बूट चावत होते तेव्हा ते छान होते. अळणी भाजी छान होती. एकदा झोपाळ्यावरून पडून कोपर सोलवटलं तेव्हा, “कसं वाटतंय?” या प्रश्नालाही “छान” हेच उत्तर आलं होतं. पण ताई स्वतःच्या कामावर इतकी खूष होती की तिला ते छान शंभर नंबरी सोन्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी तलावावर ही गर्दी. आई झग्यांवर बटणं लावत घरीच बसली होती आणि बाबा कामावर होते, त्यामुळे पालक म्हणून ताई. मोठ्या तलावाच्या एका टोकाला अकरा मुली रांगेत, दुसऱ्या टोकाला मॅडम, गळ्यात शिट्टी, एका हातात लाल पाटी, दुसऱ्या हातात हिरवी. चाचणी अशी, की दोरीच्या कडेने पोहत निघायचं, लाल दिसली की जागच्या जागी तरंगायचं, हिरवी दिसली की पुढे निघायचं, आणि शेवटी भिंतीजवळ तळाशी टाकलेलं पिवळं कडं बुडी मारून वर आणायचं. टिंबूचा नंबर सातवा.

त्याआधी सगळ्यांना अंग मोकळं करायला पाण्यात सोडलं. ताई काठावर उभी राहून अभिमानाने बघत होती. टिंबू निघाली. चार हात सरळ गेली, मग डावीकडे वळली, दोरीला धडकली, परत निघाली, पुन्हा दोरीत अडकली. शेजारच्या रांगेतली लाल टोपीवाली मुलगी ओरडली, “ए, रस्ता इकडे आहे!” टिंबू बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

“ताई, गरगरतंय.”

“काल तर छान होतं!”

“कालपण गरगरत होतं.” टिंबूने मान खाली घातली. “पण तू एवढं जोडलं होतंस ना.”

ताईच्या पायाखालची फरशी ओली होतीच, आता ती सरकलीसुद्धा. पण तिने स्वतःला बजावलं, आधी डोकं, रडणं मागाहून. ती टिंबूसमोर उकिडवी बसली. “गॉगल डोळ्यांवरच ठेव. एकेक डोळा बघू. उजवा मीट.”

टिंबूने एक डोळा मिटला.

“तो नाही गं, उजवा!”

“हा उजवाच आहे.”

“अगं, उजवा म्हणजे हा, माझ्या या हाताकडचा!”

टिंबूने आपला हात वर केला. “मी या हाताने लिहिते. हा माझा उजवा. तू समोर बसलीयस म्हणून तुला उलटा वाटतोय.”

ताई जी गप्प झाली! सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

घरच्या शिवणखोलीचा कायदाच तसा होता. तिथे उजवं म्हणजे शिवणारीचं उजवं. झगा मावशीच्या अंगावर चढवायचा, आपण समोर उभं राहायचं, आणि आपल्या उजव्या हाताला येईल त्या बाजूला ‘उ’ची चिठ्ठी टाचायची. आईला तिच्या आईने तसंच शिकवलं होतं, ताईला आईने. सगळ्या चिठ्ठ्या त्याच रिवाजाने लागायच्या, त्यामुळे कधी काही बिघडलं नव्हतं. आणि मावशीला विचारणार कोण, तुझा उजवा हात कुठला म्हणून? पण डॉक्टर कागदावर पेशंटचा उजवा डोळा लिहितात. मावशीसमोर उभं राहून ताईने मायनस दोन आपल्या उजव्या हाताला बसवला होता, म्हणजे टिंबूच्या डाव्या डोळ्यावर. अधू डोळ्याला पाणचट भिंग, आणि बऱ्या डोळ्यावर साडेचारचं ओझं.

“आता उजवा मिटून डाव्याने बघ. पाटी दिसते?”

“धूर.”

“डावा मिटून उजव्याने?”

“दिसते. पण मुंगीएवढी. आणि डोळा ओढतो.”

“टिंबू, तुझं काही चुकलेलं नाही. मी भिंगं उलटी बसवलीयत. दे इकडे.”

पाण्यात पाचवा नंबर उतरला होता. ताईने नाकावरचा पूल ओढला. हलेना. ओली बोटं, ओलं रबर, खाच घट्ट. काल ‘खटक’ करून बसलेला पूल आज जन्माचं नातं जोडल्यासारखा बसला होता. सहावीला शिट्टी वाजली. ताईने इकडेतिकडे पाहिलं, गॉगल टिंबूच्या हातात दिला आणि काठावरून ताडताड चालत मॅडमच्या टोकाला गेली.

“मॅडम, माझ्या बहिणीचा नंबर शेवटी घ्या.”

“मागे उभी राहा. नंबर लागला की उतरायचं. रडारड, पोटदुखी, मला सगळे बहाणे पाठ आहेत.”

“बहाणा नाहीये. गॉगलची भिंगं मी उलटी बसवलीत, उजव्याची डाव्याला. चूक माझी आहे, शंभर टक्के माझी. मला पाच मिनिटं हवीत.” तिचा आवाज भिंतींवरून घुमून परत आला आणि रांगेतल्या सगळ्या मुलींनी माना वळवल्या. ताईला क्षणभर कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या वाटल्या, पण आता थांबून चालणार नव्हतं. “आणि आणखी एक सांगते. ती लक्ष देत नाही असं तुम्ही दोनदा लिहिलंत. तिला तुमच्या पाट्या दिसतच नव्हत्या. तिला वाटायचं तुम्ही टाटा करताय.”

मॅडमच्या हातातली लाल पाटी खाली आली. “टाटा?”

“म्हणून ती पण करायची.”

मॅडम काही क्षण टिंबूकडे बघत राहिल्या. त्या इवल्याशा मुलीने आपल्याला महिनाभर हात हलवून दाखवला होता, हे त्यांना आठवत असावं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जाग्यावर आणला.

“हे आधी का नाही सांगितलं?”

“तिला वाटायचं पाण्यात सगळ्यांनाच तसं दिसतं. आणि आम्ही विचारलं नव्हतं.”

“अकरावी संपेपर्यंत,” मॅडम म्हणाल्या. “एक मिनिटही जास्त नाही.”

ताई पळत परत आली. (‘पळू नका’ अशी पाटी तिथे भिंतीवर होती, पण आज पाट्यांचं कुणी ऐकत नव्हतं.) टॉवेलने बोटं कोरडी केली, गॉगल कोरडा केला. ओढून निघणार नाही हे कळून चुकलं होतं, म्हणून तिने केसांतली पिन काढली, खाचेत सरकवली आणि घट्ट बसलेलं हुक सोडवताना आई करते तसं हळूच उचकटलं. पूल सुटला. पट्ट्याच्या दोन्ही कड्या सोडवल्या. मग ती टिंबूच्या समोर बसली नाही. मागे जाऊन बसली, दोघींची तोंडं एकाच दिशेला.

“लिहायचा हात वर कर.”

टिंबूने केला. त्या हाताकडे मायनस दोन. दुसरीकडे साडेचार. भिंगाच्या आतल्या बाजूला बोट लागू न देता, कडेने धरून. खटक, खटक. पाण्यात नववी होती, मग दहावी.

“पट्टा आवळू नको गं.”

“नाही आवळत. बघ आता. आणि छान म्हणालीस तर चिमटा काढीन. काय दिसतंय ते सांग.”

टिंबूने वर पाहिलं. मान हळूहळू फिरवली. मग समोरच्या टोकाकडे बोट केलं.

“मॅडमच्या एका पायात चप्पल आहे आणि एका पायात नाही.”

ताईने पाहिलं. खरंच की! पंचवीस पावलांवरून ताईच्याही लक्षात आलं नव्हतं.

“गरगरतंय?”

“थोडंसं. कमी होतंय.” मग टिंबूने मान तिरकी केली. “ताई, चिडली असशील ना तू? मी काल सांगायला हवं होतं.”

“चिडलेय, पण स्वतःवर. तुझ्यावर घरी गेल्यावर चिडेन, आत्ता वेळ नाही. ऊठ!”

शिट्टी वाजली. टिंबू पाण्यात उतरली, भिंतीला पाय रोवले आणि निघाली. ताई काठाकाठाने तिच्याबरोबर चालत होती आणि तिच्याही नकळत तिचे हात पोहत होते. दोरी डाव्या हाताला, हातभर अंतरावर, आणि टिंबू आगगाडीसारखी सरळ. मध्यावर लाल पाटी वर गेली.  टिंबूने श्वास घ्यायला डोकं वर काढलं, पाटी पाहिली आणि जिथल्या तिथे डोकं वर ठेवून तरंगायला लागली, पान पडावं तशी. मॅडमनी मुद्दाम वेळ लावला. टिंबू हलली नाही, तिची नजर पाटीवर. हिरवी वर गेली आणि पुढच्याच क्षणी ती निघाली होती. मॅडमनी पुन्हा लाल दाखवली. बाकीच्या कुणाला दोनदा दाखवली नव्हती. टिंबू पुन्हा थांबली. हिरवी. गेली.

“जमलं!” ताई ओरडली, आणि शेजारच्या कुणाच्या तरी बाबांच्या दंडाला तिने चिमटा काढला.

आता कडं. भिंतीशी पोचल्यावर टिंबूने मोठा श्वास घेतला आणि बुडी मारली. पायांचे तळवे दिसले, मग तेही दिसेनासे झाले. ताई मोजत होती. पाच. आठ. बाकीच्या मुली पाचात वर आल्या होत्या. दहा. बारा. मॅडम काठावर गुडघ्यांवर वाकल्या आणि त्यांनी उरलेली एक चप्पल पायातून भिरकावून दिली. पंधरा.

मॅडम उडी घेणार एवढ्यात पाणी फुटलं आणि टिंबू वर आली. एका मनगटात पिवळं कडं होतं. दुसरी मूठ घट्ट मिटलेली. तिने काठ धरला, धापा टाकल्या, आणि मूठ फरशीवर उघडली. दोन केसांचे चाप, एक निळं बटण, एक गंजलेली किल्ली आणि फुलपाखराच्या आकाराचं एक कानातलं.

“माझं आहे ते!” लाल टोपीवाली किंचाळली. “मागच्या महिन्यात हरवलं होतं!”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा त्या ढिगाकडे पाहिलं, एकदा टिंबूकडे, मग कानामागची पेन्सिल काढून कार्डावर काहीतरी लिहायला लागल्या. ताईने मान लांब करून वाचलं. ‘मोठ्या तलावात’ एवढं तिला दिसलं, आणि त्यापुढे ‘नये’ नव्हतं. तिने दोनदा तपासलं, नव्हतंच.

टिंबूला कार्डाचं काही पडलेलं नव्हतं. ती अजून अर्धी पाण्यातच होती, गॉगल डोळ्यांना गच्च चिकटलेला, आणि परत खाली वाकून बघत होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “खाली अजून पुष्कळ काही पडलंय. तुमचं कुणाचं लक्ष नसतं का?”